निकाल शनिवारी, शर्यत रविवारी

येत्या रविवारी मोनाकोची शर्यत. जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे एरवी एकच जमात कामात गढलेली असते, मान्सून कोकणात कधी उतरणार हे सांगणारी. फॉर्म्युला वनवाल्यांनी 2026पासून मोनाकोची शर्यत मेमधून जूनमध्ये आणली आणि आता त्या जमातीच्या जोडीला दुसरी जमात आली आहे, तिथे कोण जिंकणार हे सांगणारी. पावसाचा अंदाज चुकला तर वेधशाळेला निदान चार शिव्या बसतात. शर्यतीचा चुकला तर कोणी विचारतही नाही, कारण तोवर पुढच्या शर्यतीचा अंदाज येऊन पडलेला असतो. बिनभांडवली धंदा, तोटा शून्य आणि वर 'तज्ज्ञ' ही पदवी.

आमच्या सोसायटीतला इंजिनिअरिंगचा एक मुलगा परवा लिफ्टमध्ये भेटला.

"काका, मोनाकोत बाजी कोण मारणार?"

"शनिवारी रात्री सांगतो."

"शनिवारी काय, कोणीही सांगेल!"

अगदी बरोबर. जी गोष्ट शनिवारी रात्री कोणीही सांगू शकतो, ती बुधवारपासून चौघांना कोट घालून स्टुडिओत बसवून का विचारायची, एवढाच आमचा प्रश्न आहे.

फॉर्म्युला वनमध्ये कोण कुठल्या जागेवरून सुटणार हे आदल्या दिवशी क्वालिफाइंगमध्ये ठरतं. सर्वांत जलद लॅप मारणाऱ्याला पहिली जागा, म्हणजे पोल पोझिशन. इतर ठिकाणी पोल म्हणजे थोडी आघाडी. मोनाकोत पोल म्हणजे सातबारा नावावर झाला म्हणायचं. 2009 ते 2025 या काळात तिथे 16 शर्यती झाल्या (2020ची कोविडने खाल्ली). त्यांतल्या 11 पोलवाल्याने जिंकल्या. उरलेल्या पाच कोणी? दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जागेवरून सुटलेल्याने. आणखी मागे गेलात तरी तेच. 1997पासून 2025पर्यंतच्या 28 शर्यतींत पहिल्या तीन जागांच्या मागून सुटलेला एकही गडी मोनाकोत जिंकलेला नाही. पळसाला पानं तीनच. एवढी खात्री आपल्याकडे साखर कारखान्याच्या निवडणुकीतही देता येत नाही.

कारण गुपित नाही, रस्त्यावर पडलेलं आहे. मोनाकोचा ट्रॅक म्हणजे मॉन्टे कार्लोचे रोजच्या वापरातले रस्ते. एक फेरी 3.337 किलोमीटरची, अशा 78 फेऱ्या, एकूण 260 किलोमीटर. बाकी शर्यतींना किमान 305 किलोमीटर लागतात, पण इथे वेगच इतका कमी की तेवढं अंतर कापायला लावलं तर दोन तासांची मर्यादा ओलांडायची, म्हणून ही सवलत. 1929मध्ये पहिली शर्यत झाली तेव्हा विल्यम ग्रोव्हर-विल्यम्सने ती सडपातळ बुगाटीत बसून जिंकली. रस्ते तेवढेच राहिले, गाड्या मात्र पोसल्या गेल्या. 2025पर्यंत त्या दोन मीटर रुंद आणि पाच मीटरहून जास्त लांब झाल्या. ग्रँड हॉटेलपाशी जे वळण आहे तिथे गाडी ताशी 50 किलोमीटरच्या आसपास येते. फॉर्म्युला वनमधलं ते सर्वांत संथ वळण. अशा गल्लीबोळात पुढच्याला ओलांडायचं तर पुढच्याची परवानगी लागते, आणि ती कोण देतो?

2024ची शर्यत घ्या. पहिल्याच फेरीत मागे अपघात झाला, लाल बावटा निघाला, शर्यत थांबली. थांबलेल्या वेळात सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि टायर बदलायचेच ही नियमाची अट तिथेच पुरी झाली. मग कोणालाच टायर बदलायला पिटमध्ये जाण्याची गरज उरली नाही. पुढे 70हून अधिक फेऱ्या टायर जपत, रमतगमत मिरवणूक निघाली. शेवटी पहिले दहा ज्या क्रमाने सुटले होते त्याच क्रमाने पोहोचले. पहिला पहिला, दहावा दहावा. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. त्या रविवारचा निकाल ज्याने शनिवारच्या यादीवरून उतरवून काढला असता त्याला दहापैकी दहा गुण मिळाले असते.

तरी विद्वानांची वाणी थांबत नाही. त्यांचे प्रकार ओळखायला शिका, सोपे आहेत.

पहिला प्रकार शुक्रवारच्या विद्वानांचा. शुक्रवारी सराव असतो. सरावात कोणाच्या टाकीत किती इंधन आहे, इंजिनाची किती ताकद काढली आहे, टायर किती फेऱ्या झिजलेले आहेत, यांतलं काही बाहेरच्याला दिसत नाही. दहा किलो इंधन जास्त असलं तरी फेरीमागे सेकंदाचे दोन-तीन दशांश जातात आणि मोनाकोत तेवढ्यात पाच जागा खाली-वर होतात. हे सगळं या विद्वानांना ठाऊक असतं, ते सुरुवातीला सांगतातही. मग दोन मिनिटांनी विसरतात आणि सरावातल्या पहिल्या नंबराला रविवारचा हार घालून मोकळे होतात.

दुसरा प्रकार 'जर-तर' घराण्याचा. पाऊस आला नाही, सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांचा वेग रोखणारी गाडी) निघाली नाही, पिट स्टॉप बिघडला नाही आणि सुरुवात नीट झाली, तर अमुक. एवढ्या जर-तरमधून सुखरूप पार पडला तर ग्रिडवरचा कोणीही जिंकेल, त्यासाठी अमुकच कशाला हवा?

तिसरा प्रकार सर्वांत यशस्वी. हा सोमवारी येतो आणि याचं ब्रीदवाक्यच आहे, 'मी म्हटलंच होतं.' खरंच म्हटलेलं असतं. मंगळवारी एक नाव, गुरुवारी दुसरं, शुक्रवारी तिसरं, 'काळा घोडा' म्हणून चौथं आणि 'पाऊस आला तर लक्ष ठेवा' म्हणून पाचवं. पाच नावं घेतल्यावर एखादं लागतंच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, आणि कावळा पुढच्या आठवड्यात वृक्षतज्ज्ञ म्हणून पडद्यावर येतो.

आता गंमत बघा. मोनाकोत शनिवारचा निकाल रविवारी जेव्हा जेव्हा फिरला, तेव्हा तो कशाने फिरला? यांच्यातल्या कोणीही ज्याचं नाव घेतलं नव्हतं अशा कुठल्यातरी फालतू वस्तूने.

2021. वाल्तेरी बोटास दुसऱ्या क्रमांकावर, टायर बदलायला आत आला. फॉर्म्युला वनमध्ये हे काम दोन-अडीच सेकंदांत उरकतं. तीन चाकं निघाली, पुढचं उजवं निघेना. चाक एकाच नटाने बसवलेलं असतं आणि तो फिरवणारी बंदूक जरा तिरकी बसली. बंदूक फिरली, नट जागच्या जागी, फक्त त्याचे कंगोरे घासून गुळगुळीत झाले. पुन्हा बंदूक लावली, पुन्हा तेच. कोट्यवधींची गाडी, भोवती वीसेक माणसं, आणि सगळे एका नटाकडे बघत उभे. बोटास गाडीतून उतरला. चाक अखेर दोन दिवसांनी इंग्लंडात, संघाच्या ब्रॅकलीच्या कारखान्यात निघालं. कुठल्या विद्वानाने 'उजव्या नटावर लक्ष ठेवा' असं सांगितलं होतं?

त्याच दिवशी शार्ल लक्लेर पोलवर होता. खरं तर शनिवारी पोल मिळवून झाल्यावर त्याने स्विमिंग पूलपाशी गाडी भिंतीवर घातली होती. रात्रभर तपासणी झाली, गिअरबॉक्स ठीक निघाला म्हणून सगळे खूश. रविवारी ग्रिडवर जाताना डाव्या बाजूचा ड्राइव्हशाफ्टचा भाग गेला. पोलवाला सुटलाच नाही. दुसऱ्या जागेवरून मॅक्स वर्स्टापेन जिंकला.

2016. डॅनिएल रिकार्डो पोलवर, पुढेही तोच. टायर बदलायला आत आला आणि थांबून राहिला, कारण टायरच तयार नव्हते. कुठल्या प्रकारचे टायर लावायचे ते संघाने ऐन वेळी बदललं होतं, आणि मोनाकोची गॅरेजं इतकी चिंचोळी की हवे ते टायर मागच्या बाजूला पडलेले. माणसं टायर घेऊन धावत येताहेत आणि गाडी जॅकवर वाट पाहते आहे, हे दृश्य त्याने हेल्मेटच्या आतून पाहिलं. बाहेर आला तर लुईस हॅमिल्टन नाकासमोरून निघून गेलेला. बाकीची शर्यत तो हॅमिल्टनच्या पाठीमागे चिकटून होता. उपयोग शून्य, परवानगी मिळाली नाही.

थोडक्यात, मोनाकोत जे सांगता येतं ते शाळकरी पोरालाही सांगता येतं आणि जे सांगता येत नाही ते देवालाही विचारून उपयोग नाही. या दोहोंच्या मध्ये विद्वानांसाठी जी जागा उरते ती मोनाकोच्या रस्त्यांहून अरुंद आहे.

"पण संघांकडे संगणक असतात ना?" असतात. शर्यतीआधी आणि शर्यत चालू असतानाही ते हजारो लुटुपुटीच्या शर्यती पळवतात आणि कुठल्या फेरीत आत यावं ते सांगतात. या रीतीला मॉन्टे कार्लो पद्धत म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत स्टॅनिस्लाव उलाम आणि जॉन फॉन नॉयमान यांनी ती बसवली आणि नाव याच गावच्या कसिनोचं दिलं. त्या कसिनोच्या दारातून शर्यतीच्या गाड्या 78 वेळा जातात आणि संगणकांची सर्वांत जास्त फजितीही तिथेच होते.

2015मध्ये हॅमिल्टन पोलवरून सुटून आरामात पुढे होता. शेवटच्या टप्प्यात सेफ्टी कार आली, मर्सिडीजने हिशेब मांडला की टायर बदलूनही तो पहिलाच राहील, आणि आत बोलावलं. बाहेर आला तेव्हा तिसरा. निको रोसबर्ग जिंकला. 2022मध्ये लक्लेर पोलवर, रस्ता ओला, फेरारीने त्याला आत बोलावलं आणि तो पिटमध्ये शिरत असताना रेडिओवर सांगितलं, बाहेरच थांब. तोवर तो आत होता, आणि पुढे त्याच्याच संघाची दुसरी गाडी उभी. पहिल्याचा चौथा झाला. सर्जिओ पेरेस जिंकला. तिसऱ्या जागेवरून, अर्थात.

मोनाकोच्या नागरिकांना मॉन्टे कार्लोच्या कसिनोत जुगार खेळायला कायद्याने बंदी आहे. पैसे लावायचे बाहेरच्यांनी, गावकऱ्यांनी फक्त बघायचं. अंदाजाच्या धंद्याबद्दल इतका शहाणा कायदा दुसरा नसेल.

लक्लेर हा तिथलाच गावकरी. त्याच्याबद्दल विद्वानांनी वर्षानुवर्षं 'घरच्या मैदानाचा शाप' हे प्रकरण चालवलं, आणि खरं सांगायचं तर पुरावा कमी नव्हता. 2017मध्ये फॉर्म्युला वनखालच्या फॉर्म्युला टूमध्ये पोलवरून सुटला, गाडी बंद पडली. 2018मध्ये ब्रेक गेले आणि पुढच्यावर आदळला. 2019मध्ये शर्यत अर्ध्यावर सोडली. 2021 आणि 2022चं वर सांगितलंच. 2022मध्ये तर जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात निकी लाउडाची 1974ची फेरारी चालवताना तिचेही ब्रेक गेले आणि तीही भिंतीला लागली. हे ऐकून आपल्याकडचा कोणीही म्हणाला असता, साडेसाती! आणि 2024च्या मेमध्ये तो जिंकला. 2017च्या मेपासून मोजली तर सात वर्षं होतात, म्हणजे शनिमहाराजांनी सहा महिन्यांची सूट दिली. 1931मध्ये लुई शिरोन जिंकला होता, त्यानंतर घरचा माणूस पहिल्यांदाच जिंकला. शाप कसा उतरला? त्या वेळी पोल मिळाला, गाडी सुटली, टायर वेळेवर हजर होते आणि नट फिरले. याला पंचांग लागत नाही.

आता कोणी म्हणेल, मोनाकोत उलथापालथ होतच नाही की काय? होते. पण अशी होते की विद्वानांचीही बोलती बंद व्हावी. 1988मध्ये आयर्टन सेनाने शनिवारी अलँ प्रोस्टला 1.427 सेकंदांनी मागे टाकलं. दोघांची गाडी एकच. रविवारी 67व्या फेरीपर्यंत सेना इतका पुढे होता की मागे कोणी दिसत नव्हतं. पोर्तिएच्या वळणावर लक्ष उडालं, गाडी कठड्यावर. पिटमध्ये परत न जाता तो जवळच्या आपल्या घरी चालता झाला. मोनाको सहा वेळा जिंकणारा आजवरचा एकमेव ड्रायव्हर तो. त्याचं भाकीत करणाराच त्या दिवशी सर्वांत बरोबर होता आणि तोच चुकला.

1982 तर पुराणातली कथा. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना पुढे असलेल्या प्रोस्टने गाडी आपटली. पुढे रिकार्डो पात्रेसे आला, तो गरगरला आणि इंजिन बंद. दिदिए पिरोनी पुढे आला, शेवटच्या फेरीत बोगद्यात थांबला. आंद्रेआ दे चेझारिस जिंकू शकला असता, त्याचं पेट्रोल संपलं. डेरेक डेली जिंकू शकला असता, त्याचा गिअरबॉक्स अडकला. समालोचक अंतिम रेषेकडे डोळे लावून बसले आणि जिंकणारा काही येईना. तेवढ्यात गरगरलेला पात्रेसे उतारावर गाडी चालू करून रेषेपार आला आणि जिंकला. आपण जिंकलो हे त्यालाही दुसऱ्यांनी सांगावं लागलं. जिंकणाऱ्याला स्वतःला ठाऊक नव्हतं, ते बुधवारी स्टुडिओत कोणाला ठाऊक असणार होतं?

आणि 1996, जिच्यापायी मला वर '1997पासून' म्हणावं लागलं. पाऊस, 21 गाड्या सुटल्या. शनिवारचा पोलवाला मिशाएल शूमाखर पहिल्याच फेरीत भिंतीला लागला. डेमन हिल पुढे होता, इंजिन फुटलं. जाँ अलेझी पुढे आला, सस्पेन्शन गेलं. लिजिए संघाचा ओलिव्हिए पानिस 14व्या जागेवरून सुटला होता. तो शेवटपर्यंत टिकला आणि जिंकला. रेषेपार चालत्या स्थितीत पोहोचल्या फक्त तीन गाड्या. पानिस पुन्हा कधी जिंकला नाही, लिजिएही नाही. त्या शर्यतीआधी 'पानिस' म्हणणारा कोणी असेल तर त्याला मी आजही दंडवत घालीन. पण तेवढ्या एका शर्यतीच्या नावावर विद्वान आजवर 'मोनाकोत काहीही होऊ शकतं' असं सांगत पोट भरताहेत. काहीही होऊ शकतं हे भाकीत नसतं, ती सबब असते.

'काहीही होऊ शकतं' हे नियमाने घडवून आणता येईल का, हेही करून झालं. 2025मध्ये मोनाकोपुरता फतवा निघाला की प्रत्येकाने किमान दोनदा टायर बदलायचे, म्हणजे मिरवणूक मोडेल. संघांनी काय केलं? रेसिंग बुल्सने एका ड्रायव्हरला मुद्दाम कूर्मगतीने चालवून मागच्यांची वाट अडवली आणि दुसऱ्याला तेवढ्यात दोन्ही थांबे उरकून घेऊ दिले. विल्यम्सने तोच कित्ता गिरवला. जॉर्ज रसेल इतका वैतागला की शिकेन, म्हणजे वेग मोडायला घातलेली नागमोड, चक्क कापून पुढे गेला आणि त्यापायी दंड घेतला. वर्स्टापेनने दुसरा थांबा शेवटची फेरी उरेपर्यंत लांबवला. का? कोणीतरी आदळेल, लाल बावटा निघेल आणि टायर फुकटात बदलून मिळतील, या आशेवर. चार वेळचा जगज्जेता दुसऱ्याच्या अपघाताची वाट बघत गाडी चालवतो आहे, यापलीकडे डावपेच तो काय! कोणी आदळलं नाही. लँडो नॉरिस, लक्लेर, पियास्त्री, वर्स्टापेन, पहिले चार जसे सुटले तसेच पोहोचले. फतवा निघाला, पळस तसाच.

2026मध्ये गाड्या दहा सेंटीमीटर अरुंद झाल्या, वजनाने 30 किलो हलक्या झाल्या. झालं, विद्वानांना पालवी फुटली. 'यंदा मोनाकोत ओव्हरटेकिंग बघायला मिळेल.' दहा सेंटीमीटर! शिवाय ग्रिडवर आता 20ऐवजी 22 गाड्या आहेत. ज्या गल्लीत दोन गाड्या शेजारी मावत नाहीत तिथे दोन गाड्या वाढवून गर्दी कमी होईल, हे गणित ज्यांना सुटलं त्यांना वाहतूक खात्यात घ्यायला हवं.

आपल्याकडच्या शर्यतरसिकांना शनिवारचं महत्त्व वेगळं सांगायला नको होतं. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशा तीनदा फॉर्म्युला वन झाली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल पोलवर आणि तिन्ही वेळा तोच पहिला. नंतर शर्यतच गेली, कराच्या भांडणात. मोनाकोतही आपला झेंडा लागला आहे, कुश मैनीने लावला. मे 2025मध्ये फॉर्म्युला टूची स्प्रिंट शर्यत त्याने जिंकली, असं करणारा तो पहिला भारतीय. त्या शर्यतीत क्वालिफाइंगच्या पहिल्या दहांचा क्रम उलटा करतात. त्यामुळे दहावा आलेला मैनी पहिल्या जागेवर उभा राहिला, आणि तिथून सुटला तो थेट रेषेपर्यंत पहिला. म्हणजे पहिल्या जागेवर माणूस कसा आला याच्याशी मोनाकोला कर्तव्य नाही, तो तिथे आहे ना, बस. ती शर्यतही शनिवारीच झाली होती, हे लक्षात घ्या.

आणखी एक सोय आपल्याकडे झाली आहे. ऑगस्ट 2025मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यामुळे आता सोसायटीतल्या ग्रुपवर कोणाचं नाव टाकलंत तरी खिशाला चटका नाही. विद्वानांना तो कधीच नव्हता.

तर आमचं भाकीत, जर-तर न लावता. येत्या रविवारी मोनाकोत शनिवारच्या पहिल्या तिघांपैकी एक जण जिंकणार. त्यातही पहिलाच जिंकण्याची शक्यता जास्त, 16ला 11 हा हिशेब वर दिलाच आहे. नाव शनिवारी रात्री साडेआठनंतर विचारा, फुकट सांगू. ज्यांना आधीच सांगायचं आहे त्यांनी खुशाल सांगावं, पण एकच नाव सांगावं आणि सोमवारी तेच नाव घेऊन परत यावं.

वाचकांना एवढंच सांगणं. शनिवारी संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावा. मोनाकोतली खरी शर्यत ती. 2025मध्ये लँडो नॉरिसने तिथे 1 मिनिट 9.954 सेकंदांची फेरी मारली आणि लक्लेर 0.109 सेकंदांनी मागे राहिला. पुढच्या दिवशीच्या 78 फेऱ्या त्या एका फेरीची सही-शिक्क्याची प्रत होत्या. भिंतीला चाटून जाणाऱ्या गाड्या, एका चुकीत संपणारा दिवस, जे काही बघण्यासारखं आहे ते त्या तासात आहे. दोन्ही दिवस टीव्ही अडवायला घरचे देणार नसतील तर शनिवार मागून घ्या आणि रविवारी साडेसहाला पिशवी घेऊन खुशाल भाजी आणायला जा.